क्षमेच्या झाडाखाली

(मंडळाच्या गणेशोत्सवात श्रवणगटातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत मंडळात एक तरी व्याख्यान व्हायचंच, ही रीत आपल्या पणजोबा-आजोबांनी इंदूरला येताना सामानाबरोबरच आणली. विषय बहुधा ठरलेले असतात आणि ते कोणाला जड जात नाहीत. यंदा कार्यकारिणीने आमच्या श्रवणगटाला सांगितलं की, तुम्ही महिन्यातून एकदा बसून काय काय ऐकता, त्यातलं एखादं आम्हालाही ऐकवा. आम्ही निवड कळवली तेव्हा दोघा-तिघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याची इंग्रजी गाणी, आणि तीही गणपतीत! त्यांचं म्हणणं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. अर्धा तास बसा आणि मग ठरवा, एवढीच विनंती.

अल्बमचं नाव 'द ट्री ऑफ फरगिव्हनेस', म्हणजे क्षमेचं झाड. गायक, कवी आणि संगीतकार एकच, जॉन प्राइन. १३ एप्रिल २०१८ रोजी तो बाहेर आला, तेव्हा प्राइन एकाहत्तर वर्षांचे होते. दहा गाणी, सगळी मिळून जेमतेम अर्ध्या तासाची. या गाण्यांना तिकडे फोक आणि कंट्री म्हणतात. दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या शेतकऱ्यांचं, खाणकामगारांचं, चर्चमध्ये जाणाऱ्या साध्या माणसांचं हे संगीत. गिटार, फिडल, तीन-चार कॉर्ड आणि एक गोष्ट. सुरांची करामत शोधायला गेलात तर हाती काही लागायचं नाही. आपल्याकडे याच्या जवळचं काय, यावर आमच्यात बराच वाद झाला. कोणी भावगीत म्हणालं. आमचं बहुमत ओवीकडे आणि कीर्तनातल्या आख्यानाकडे झुकलं, कारण इथे चाल म्हणजे शब्द वाहून नेणारी बैलगाडी आहे. गाडी चांगलीच हवी, पण पाहायचं ते आत कोण बसलंय ते.

प्राइन यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४६ चा, शिकागोला लागून असलेल्या मेवूडचा. आईवडील मात्र तिथले नव्हेत. ते केंटकी राज्यातल्या म्यूलनबर्ग परगण्यातले, कामाच्या शोधात उत्तरेला आलेले. वडील कारखान्यात हत्यारं आणि साचे घडवणारे कारागीर. थोरल्या भावाने गिटार शिकवली. पुढे सक्तीच्या भरतीत लष्करात गेले आणि पश्चिम जर्मनीत गाड्या दुरुस्त करत राहिले. परत आल्यावर टपालखात्यात पोस्टमन. खांद्यावर पिशवी, पायाखाली रोजची तीच गल्ली, आणि डोक्यात गाणी. चालता चालता त्यांनी जी गाणी रचली, त्यातली काही पन्नास वर्षं टिकली आहेत. १९७० साली रॉजर इबर्ट नावाच्या चित्रपट समीक्षकाने शिकागोच्या एका छोट्या क्लबात त्यांना ऐकलं आणि चित्रपट सोडून त्यांच्यावरच लेख लिहिला. पुढच्याच वर्षी क्रिस क्रिस्टॉफरसन या नामवंत गायकाने ऐकलं, आणि १९७१ मध्ये पहिली तबकडी निघाली.

त्या पहिल्या तबकडीतल्या एका गाण्यापाशी जरा थांबायला हवं, कारण त्याशिवाय शेवटचा अल्बम नीट कळत नाही. त्याचं नाव 'हॅलो इन देअर'. एक म्हातारं जोडपं आहे. मुलं मोठी होऊन पांगलेली. एक मुलगा कोरियाच्या युद्धात गेलेला. नवराबायकोत बोलायला फारसं काही उरलेलं नाही. माणसं म्हातारी होत जातात ती झाडांसारखी किंवा नद्यांसारखी नाहीत, हे त्या गाण्याचं दुःख. वाटेत एखादा म्हातारा दिसला तर नुसतं पुढे निघून जाऊ नका, दोन शब्द बोला, एवढीच त्यातली मागणी. हे लिहिलं तेव्हा प्राइन विशी ओलांडून थोडेच पुढे गेले होते. लहानपणी एका मित्राबरोबर ते वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायला जात. तिथली काही माणसं शेजाऱ्यांसमोर असं भासवत की हा पोरगा पेपर टाकायला नव्हे, आपल्याला भेटायला आलाय, आपला नातू आहे, भाचा आहे. त्या पोराने ते लक्षात ठेवलं.

आमच्या गटात हे गाणं पहिल्यांदा लावलं त्या दिवशी चहा तसाच निवला. आपल्यापैकी किती घरांत मुलं बंगळूरला, पुण्याला, टोरांटोला आहेत ते इथं सांगायला नको. मुलं वाईट नाहीत हो. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, नातवंडं हात हलवतात. पण सोमवार ते शनिवार असे सहा दिवस उरतातच.

आता आवाजाची गोष्ट. तरुणपणीही प्राइन यांचा गळा गोड नव्हता, थोडा नाकातला होता. १९९८ मध्ये मानेत कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत मानेचा भाग कापावा लागला, जिभेकडे जाणाऱ्या काही नसा गेल्या, लाळग्रंथींचं नुकसान झालं. वर्षभर बोलण्याचे उपचार घ्यावे लागले, तेव्हा कुठे ते पुन्हा मंचावर उभे राहिले. मान एका बाजूला कललेली, आवाज खाली घसरलेला आणि खरखरीत. जुनी गाणी जुन्या पट्टीत झेपेनात, म्हणून त्यांनी सगळ्या पट्ट्या खाली आणल्या. आणि मग ते सांगू लागले की पट्टी उतरवल्यामुळे ती गाणी आपल्याला स्वतःलाच नवी वाटू लागली. २०१३ मध्ये कर्करोग फुप्फुसात आला. एका फुप्फुसाचा भाग काढला. दमसास परत यावा म्हणून त्यांच्याकडून एक अजब व्यायाम करून घेतला गेला. घरातला जिना धावत चढायचा-उतरायचा आणि धाप लागलेली असतानाच गिटार उचलून दोन गाणी म्हणायची. सहा महिन्यांत ते पुन्हा दौऱ्यावर निघाले.

हे ऐकताना माळव्यातल्या माणसाला देवास आठवणारच. कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथे आले ते क्षयाने गाठलं म्हणून, हवा मानवावी म्हणून. पाचएक वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून कानावर येत राहिली ती आजूबाजूची माळवी लोकगीतं. पुढे गायला उभे राहिले तेव्हा दमसास पूर्वीचा नव्हता. मग लांब तानेऐवजी लहान, धारदार तुकडे आले, मध्ये श्वासाची जागा आली, आणि ती जागाच गाण्याचा भाग झाली. आपल्यातल्या काही ज्येष्ठांनी त्यांना समोर बसून ऐकलंय, त्यांना आम्ही काय सांगणार! दोन माणसांची बरोबरी आम्हाला लावायची नाही. एक रागसंगीतातला महापुरुष, दुसरा तीन कॉर्डांचा पोस्टमन. पण शरीराने दिलेली नड गाण्यात मुरवून घेणं दोघांनी केलं, एवढं नक्की.

हा विषय निघाला म्हणून बोलूनच टाकतो. आपल्या मंडळात दर वर्षी भावगीतांची संध्याकाळ होते. गेल्या काही वर्षांत तिथे साठीपुढचं कोणी गात नाही. विचारलं की उत्तर येतं, "आता कुठे, गळा गेला." काही जणांच्या बाबतीत, खरं सांगायचं तर, संयोजकच नावं पुढे करत नाहीत. कॅराओकेच्या ठेक्यात ज्येष्ठ मंडळी बसत नाहीत म्हणून. यंदा आमच्या गटाने मागणी केली आहे की गुरुवारच्या कार्यक्रमात अर्धा तास ठेक्याशिवाय ठेवावा. पेटी आणि तबला, आणि पट्टी गाणाऱ्याच्या सोयीने. कार्यकारिणीचं उत्तर अजून आलेलं नाही. ती मंडळी समोरच बसली आहेत.

तर अल्बमकडे. २००५ च्या 'फेअर अँड स्क्वेअर'नंतर तेरा वर्षं प्राइन यांचा नव्या स्वरचित गाण्यांचा अल्बम नव्हता. मधल्या काळात दुसऱ्यांची गाणी गायिली, दौरे केले. लिहायला बसायचा मात्र कंटाळा. मासे पकडायला जाणं, जेवणं, जुन्या मोटारी, हे सगळं लिहिण्याच्या आधी. त्यांची स्वतःची रेकॉर्ड कंपनी होती, 'ओह बॉय', १९८१ साली काढलेली. मोठ्या कंपन्यांच्या नादी न लागता, चाहत्यांनी आगाऊ पाठवलेल्या पैशांवर ज्यांनी अल्बम काढला, अशा पहिल्या काही जणांत ते होते. पुढे पत्नी फिओना आणि मुलगा जोडी यांनी ती कंपनी हाती घेतली. एक दिवस त्या दोघांनी ठरवलं आणि प्राइन यांना नॅशविल शहरातल्याच एका हॉटेलात आठवडाभर नेऊन ठेवलं. बरोबर गिटारी आणि खोकी. खोक्यांत काय, तर वर्षानुवर्षं लिहून अर्धवट टाकलेली गाणी. आपल्याकडे दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढतात, तसाच हा प्रकार. त्यातलं एक तर सत्तरच्या दशकात फिल स्पेक्टर या निर्मात्याबरोबर सुरू केलेलं, चाळीस वर्षं पडून राहिलेलं.

ध्वनिमुद्रण नॅशविलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये झालं, निर्माता डेव्ह कॉब. त्यांनी एक शहाणपणा केला, आवाज झाकला नाही. वाद्यं थोडी, मागे राहिलेली. प्रत्येक शब्दाच्या आधीचा श्वास ऐकू येतो. ब्रँडी कार्लाइल, जेसन इसबेल, अमांडा शायर्स ही पुढच्या पिढीची मंडळी साथीला आहेत, पण कुठेही पुढे पुढे करत नाहीत. घरात वडीलधारं माणूस बोलत असताना चांगली मुलं जशी मध्येच हुंकार भरतात, तेवढंच. अल्बम अमेरिकेच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकावर गेला. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीतला त्यांचा तो सर्वांत वरचा क्रमांक, वयाच्या बाहत्तराव्या वर्षात!

सगळीच गाणी तोलामोलाची नाहीत. 'आय हॅव मेट माय लव्ह टुडे' गोड आहे, एवढंच. 'कॅरॅव्हॅन ऑफ फूल्स' आमच्यातल्या अर्ध्यांना आवडलं, अर्ध्यांनी पुढे ढकललं. 'लोनसम फ्रेंड्स ऑफ सायन्स' मात्र ऐकाच. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठवलं, त्या बिचाऱ्या प्लूटोची बाजू यात कोणीतरी घेतली आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात व्हल्कन या रोमन देवाचा प्रचंड ओतीव लोखंडी पुतळा आहे, तोही गाण्यात येऊन जातो. ग्रहपद गेलेला प्लूटो आणि निवृत्त झालेला हेडक्लार्क यांच्यात फारसा फरक नसतो, असं आमच्यातल्या एका निवृत्त हेडक्लार्कांचं मत पडलं.

ज्या गाण्यासाठी मुख्यतः हा अल्बम तुमच्यापुढे ठेवायचा होता, ते म्हणजे 'समर्स एंड'. उन्हाळा संपत आला आहे. दोरीवर वाळत घातलेले पोहण्याचे कपडे, लांबत चाललेल्या सावल्या. आणि कोणीतरी कोणाला तरी म्हणतंय, घरी ये. एकटं राहायची काही गरज नाही. बस. कोण बोलावतंय, कोणाला, तो का गेला, काहीच सांगितलेलं नाही. नवरा बायकोला म्हणत असेल, बाप मुलाला. भांडण होऊन गेलेल्या माणसाला असेल किंवा जगातून गेलेल्याला. पुढे या गाण्यावर जी चित्रफीत निघाली, तिने एक अर्थ निवडला. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्या आणि अफूजन्य औषधांच्या व्यसनाने घरंच्या घरं बुडाली. त्यात मुलगी गेली आणि मागे आजोबा आणि नात उरले, अशी ती गोष्ट आहे. नॅशविलच्या माजी महापौर मेगन बॅरी यांचा तरुण मुलगा याच कारणाने गेला होता, त्याच्या स्मृतीला ती अर्पण केली आहे. चित्रफीत उत्तम आहे. पण आधी ती पाहू नका. डोळे मिटून गाणं ऐका, म्हणजे तुमचं माणूस तुम्हाला आठवेल.

इथे 'उन्हाळा' या शब्दाचीही थोडी गोष्ट आहे. प्राइन लहान असताना उन्हाळ्याच्या सुटीत आईवडील मुलांना गाडीत घालून केंटकीला मूळ गावी नेत. गावाचं नाव पॅराडाइज, स्वर्ग. ग्रीन नदीच्या काठी वसलेलं. जवळच कोळशाचं प्रचंड वीजकेंद्र उभं राहिलं आणि त्याची राख गावावर पडू लागली. १९६७ मध्ये टेनेसी व्हॅली प्राधिकरणाने उरलीसुरली घरं विकत घेऊन गाव पाडून टाकलं. वडिलांनी कळवलं, तेव्हा प्राइन लष्करात होते. त्या गावावर त्यांनी वडिलांसाठी गाणं लिहिलं, 'पॅराडाइज'. गाण्यात दोष कोळसा कंपनीच्या माथी आहे आणि कागदोपत्री गाव पाडणारे वेगळे. पण मुलगा बापासाठी गाणं लिहितो तेव्हा दस्तऐवज तपासत नाही. ते वीजकेंद्र कोळशावर चालायचं थांबलं २०२० च्या फेब्रुवारीत.

आपल्यापैकी काही घरांचे नातेवाईक हरसूदला होते. २००४ मध्ये इंदिरा सागरच्या पाण्यासाठी ते गाव उठलं. माणसं स्वतःच्या हाताने भिंती पाडून विटा घेऊन निघाली होती. कोयनेकाठची मूळ असलेल्या घरांनाही हे ठाऊक आहे. आणि ज्यांचं गाव पाण्याखाली गेलं नाही, त्यांचं तरी कुठे उरलंय? सातारा, वाई, रत्नागिरी अशी नावं लग्नपत्रिकेत 'मूळ गाव' म्हणून छापली जातात. कुलदैवताला जाताना वाटेत गाव लागतं, आपला वाडा कोणता ते विचारून घ्यावं लागतं. मेवूडच्या पोरासारखेच आपणही दुसऱ्याच्या आठवणीतल्या गावाचे. इंदूर हेच आपलं गाव, यात आमच्या मनात किंतु नाही. तरी ते गाणं ऐकताना घशात काहीतरी येतं, आणि ते इंदूरसाठी नसतं.

आता शेवटचं गाणं, ज्यावर आमच्या गटात भांडण झालं. 'व्हेन आय गेट टु हेवन', मी स्वर्गात जाईन तेव्हा. निम्मं बोललेलं, निम्मं गायिलेलं, मध्ये मुलांच्या पिपाणीसारखं वाजणारं कझू. म्हातारा म्हणतो, वर गेलो की देवाशी हस्तांदोलन करीन, त्याचे आभार मानीन. मग एक बँड काढीन. आवडतं पेय घेईन. आणि मैलोगणती लांब सिगारेट ओढीन! कर्करोगामुळे सिगारेट सुटली होती, तिची आठवण जात नव्हती. मनगटावरचं घड्याळ काढून टाकीन, कारण मेल्यावर वेळ घेऊन करायचं काय? वडील म्हणायचे की मेलं की संपलं, त्यांचं म्हणणं खोटं ठरवीन. मग आई भेटेल, वडील भेटतील, गेलेला भाऊ भेटेल, मावश्या भेटतील. तिथे एक क्लब उघडीन आणि त्याचं नाव ठेवीन 'क्षमेचं झाड'. ज्यांनी ज्यांनी मला त्रास दिला त्या सगळ्यांना माफ करून आत बोलवीन. समीक्षकांनासुद्धा.

आक्षेप असा होता की, दारू-सिगारेटचा स्वर्ग गणपतीच्या मांडवात कशाला? एका काकांनी तर हे गाणं वगळण्याची सूचना लेखी दिली. त्यांच्याशी अजून आमचं जमलेलं नाही, पण ते आज आले आहेत, याचा आनंद आहे. आमचं उत्तर एवढंच की, देवाशी अशी सलगी आपल्याला नवी नाही. जनाबाईने विठ्ठलाला जात्यावर बसवलं. तुकोबा देवाशी भांडले, त्याला बोल लावले, आणि निरोप घेतला तो जणू माहेरी निघाल्यासारखा. कबीर कुमारांच्या गळ्यातून आपल्या घरात आलेला आहे. देवाच्या दारात मोठ्याने हसणारी माणसं आपल्या पंक्तीतलीच. दुसरं असं की, दोनदा कर्करोग होऊन गेलेला माणूस जेव्हा स्वतःच्या मरणाची मेजवानी ठरवतो, तेव्हा त्याच्या यादीत काय आहे यापेक्षा निमंत्रण कोणाकोणाला आहे ते आम्ही पाहिलं. आपल्या समाजात वाड्याच्या वाटणीवरून वीस-वीस वर्षं न बोलणारे भाऊ आहेत. आरतीला एक डावीकडे उभा राहतो, एक उजवीकडे. नावं घेत नाही.

२०२० च्या मार्चअखेर प्राइन करोनाने रुग्णालयात दाखल झाले आणि ७ एप्रिलला गेले. वय त्र्याहत्तर. फुप्फुसाचा भाग आधीच गेलेला, टिकाव लागला नाही. अल्बम येऊन दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. अस्थींचा काही भाग ग्रीन नदीत सोडला. तरुण वयात 'पॅराडाइज'मध्ये त्यांनीच तसं लिहून ठेवलं होतं. इलिनॉय राज्याने त्यांना मरणोत्तर मानद राजकवी केलं. त्यांनी शेवटचं ध्वनिमुद्रित केलेलं गाणं 'आय रिमेंबर एव्हरीथिंग', त्याला पुढच्या वर्षी दोन ग्रॅमी मिळाले.

त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी आपल्याकडे काय झालं ते सगळ्यांना आठवतं. मंडळात मूर्ती बसली ती चार माणसांत. आपली माणसं गेली आणि आपण त्यांना पोचवायलाही जाऊ शकलो नाही. दहावं-तेरावं घरातल्या घरात उरकलं. सांत्वनाला कोणी आलं नाही, कोणाकडे जाता आलं नाही, पिठलं-भाताचा डबासुद्धा दारात ठेवून मागे फिरावं लागलं. मग कामं सुरू झाली, लग्नं झाली, आणि ते रडणं राहूनच गेलं. आमच्या गटातल्या दोन घरांत ते अजून राहिलेलं आहे. 'समर्स एंड' आम्ही पहिल्यांदा लावलं त्या दुपारी त्यातल्या एका वहिनी उठून गच्चीवर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा लावा."

गाण्यांचा मराठी आशय लिहून त्याच्या प्रती काढल्या आहेत, त्या बाहेर प्रसादाच्या टेबलाशी ठेवल्या आहेत. शब्दशः भाषांतर नाही, कोणतं गाणं कशाबद्दल आहे एवढंच. ज्यांना घरी ऐकायचं असेल त्यांनी आधी 'हॅलो इन देअर', मग 'समर्स एंड', आणि स्वर्गाचं गाणं सर्वांत शेवटी ऐकावं. नातवंडांना सांगितलं तर फोनवर लावून देतील.

आता 'समर्स एंड' लावतो. चार मिनिटांच्या आतलं आहे. मागचे पंखे जरा बंद करा, आवाज फार बारीक आहे. पुढच्या रांगेत आजी बसल्या आहेत, त्यांच्याकडे स्पीकर थोडा वळवून घ्या.